‘आमच्याकडे कुणालाच अवघड वाटत नाही’

नोंद असावी म्हणून तारखेसह लिहून ठेवले आहे. बारा जून, शुक्रवार. नदीपलीकडच्या महाविद्यालयाच्या सभागृहात नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांची सभा चालू असताना मधल्या रांगेतून एक बाई उठल्या आणि त्यांनी उपप्राचार्यांना विचारले, “तुमच्याकडे मुलांना अवघड जाईल असं नक्की काय शिकवतात?” उपप्राचार्यांनी ध्वनिक्षेपक तोंडाशी ओढला, प्रसन्न हसले आणि म्हणाले, “बाई, काळजीच सोडा. आमच्याकडे कुणालाच अवघड वाटत नाही!” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या गृहस्थांनी “बसा, बसा, होतं सगळं नीट,” असा धीरही दिला. बाई बसल्या. शंकेचे समाधान झाले, अशी सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे. ती खोटी आहे. समाधान झाले नव्हते, आणि ही हकीकत त्या न झालेल्या समाधानाची आहे.

बाई म्हणजे बाजाराच्या तोंडाशी असलेल्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई. दुकान त्यांच्या वडिलांचे. पुढच्या भागात काचेच्या कपाटांतून चौकटींच्या रांगा, आणि पडद्याआड डोळे तपासायची अरुंद खोली. ही खोली मुळातच आखूड. अक्षरांचा तक्ता जितक्या अंतरावरून वाचायला हवा, तितके अंतर तिच्यात मावत नाही. म्हणून बाईंच्या वडिलांनी तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर उलट्या अक्षरांचा लावला आणि समोरच्या भिंतीवर आरसा बसवला. खुर्चीतला माणूस आरशात बघतो, त्याला तक्ता आरशाच्या पलीकडे, लांब, सुलटा दिसतो. खोली होती तेवढीच राहते आणि अंतर दुप्पट होते. लहानपणी बाईंना हे जगातले पहिले आश्चर्य वाटले होते. दुसरे आश्चर्य त्यांच्या वाट्याला आलेच नाही, हे त्यांचे दुःख.

येऊ शकले असते. प्रकाशाचा अभ्यास करायचा, असे बाईंनी शाळेतच ठरवले होते. घराजवळ म्हणून त्या नदीपलीकडच्या याच महाविद्यालयात गेल्या. तिथे तेव्हाही प्रवेशाला कुणाला ‘नाही’ म्हणत नसत आणि आत आल्यावर तर अजिबातच म्हणत नसत. प्राध्यापक सांगत, मुले उतरवून घेत, परीक्षेत तेच विचारले जाई. बाई दर वर्षी पहिल्या आल्या. मोठ्या विद्यापीठाने त्यांना गुणपत्रिकेवर आत घेतले, आणि तिथे पहिल्याच सत्रात त्यांच्या लक्षात आले, की आजूबाजूची मुले आधी अडतात, चुकतात, खोडतात आणि मग पुढे जातात. बाईंना यातले पहिले पाऊलच माहीत नव्हते. अडल्या की त्या घाबरत, पान उलटत, पाठ असलेले काहीतरी लिहीत. तिथल्या म्हाताऱ्या सरांनी त्यांना एकदा खोलीत बोलावले. रागावले नाहीत. नुसते विचारले, “तुम्हाला आजवर कुणी अडवलंच नाही का हो?”

सत्र संपायच्या आत त्या परत आल्या. वडिलांना दुकानात मदत हवी आहे, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. वडिलांनीही ते खोडून काढले नाही. प्रकाशावरचा जाड ग्रंथ मात्र त्यांनी बरोबर आणला. तो चौकटींच्या कपाटावर आहे. गिऱ्हाईक नसले की बाई तो काढतात, चौथ्या प्रकरणापर्यंत येतात आणि मिटतात. पाचवे प्रकरण त्यांना परगावी राहणाऱ्या जिवलग माणसासारखे वाटते. तिथे गाडी जाते, वाट ठाऊक आहे, जाणे तेवढे होत नाही.

ही झाली बाईंची गोष्ट. आता लेकीची. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण एका जागी ती कधी टिकली नाही. भिंगरी बोलायला शिकली ती तपासणीच्या खुर्चीखाली खेळता खेळता. तक्त्यावरची अक्षरे तिला पाढ्यांसारखी पाठ. बाई दर वर्षी तिचे डोळे तपासत, आधी एक झाकून, मग दुसरा, आणि पोरगी तळाच्या ओळीपर्यंत धडाधडा म्हणून दाखवी. ती नऊ वर्षांची असताना तक्ता जीर्ण झाला म्हणून नवा लावला. त्यावर भिंगरीचा डावा डोळा तिसऱ्या ओळीवरच थांबला. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीचा डोळा अधू, आणि आईला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डोळ्यात दोष थोडा होता, पण उजवा सगळे काम उरकत असल्याने डाव्याला कुणी कामच दिले नव्हते, आणि ज्या डोळ्याला काम नाही तो पाहणे सोडून देतो. मग उजव्या डोळ्यावर पट्टी आली. भिंगरी दारांना धडकली, रडली, “तू वाईट आहेस,” असे आईला शंभरदा म्हणाली. डोळा सुधारला, पण पुरता नाही. उशीर झाला होता.

त्या दिवसापासून बाईंचा एक सिद्धान्त पक्का झाला. माणसाला वाचता येतात त्या ओळींवरून त्याची नजर कळत नाही. तो जिथे अडतो, त्या ओळीवर कळते. आणि पाठ केलेल्याला तर कुठल्याच ओळीवर कळत नाही.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण, भिंगरीला या वर्षी टेकडीवरच्या नामांकित संस्थेने प्रतीक्षायादीत ठेवले. टेकडीवरची संस्था शंभरातल्या चार-पाचांना घेते. प्रतीक्षायादी म्हणजे सभ्य शब्दांतला नकार. नदीपलीकडच्या महाविद्यालयाने मात्र अर्ज टाकला त्याच दुपारी अभिनंदन कळवले. एवढ्या तातडीने तर दुकानात चष्म्याची दांडीही बदलून मिळत नाही.

दुकानातच घरच्यांचे खलबत सुरू झाले. बाईंचा धाकटा भाऊ, म्हणजे भिंगरीचा मामा, गाडी शिकवण्याची शाळा चालवतो. त्याला कशातच अडचण दिसत नाही.

“ताई, कॉलेज काय नि गाडी काय, चालवणारा चांगला हवा. पोरगी हुशार आहे ना? कुठेही घाल, चमकेल.”

“वासरात लंगडी गाय शहाणी, तशी चमकेल.”

“आता माझंच बघ. माझ्याकडे आलेला एकही माणूस परीक्षेत नापास होत नाही.”

“म्हणून तर मी पायी चालते.”

भिंगरीचे बाबा दुकानात भिंगे घासतात. ते कमी बोलतात आणि बोलतात तेव्हा चाक फिरते ठेवून बोलतात. ते म्हणाले, “वर्षभर घरी बसून पुन्हा टेकडीची परीक्षा दे म्हणावं, तर तीही घोकंपट्टीच.”

“पण ताई,” मामा म्हणाला, “तू स्वतः तिथेच शिकलीस की!”

चाक थांबले. बाई चौकट पुसत होत्या, ती पुसतच राहिल्या. “म्हणूनच म्हणते,” त्या म्हणाल्या.

शेवटी भिंगरीनेच तोंड उघडले. “आई, तू घरी बस म्हणालीस तरी मला रडू येणार आणि तिथे जा म्हणालीस तरी येणार. तू अख्ख्या गावाचे डोळे तपासतेस ना? मग कॉलेज तपास. तपासून सांग, मी ऐकेन.”

बाईंनी सुरुवात त्या पालकसभेपासून केली. तिचा निकाल वर नोंदवला आहेच. त्यानंतर त्यांनी कार्यालयात जाऊन गेल्या परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका बघायला मागितल्या. निकाल बघायचा नव्हता. मुले चुकली तिथे शिक्षकाने काय लिहिले, ते बघायचे होते. खिडकीतल्या कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या. “मार्क बघा की. मार्क चांगलेच आहेत सगळ्यांना.” “म्हणूनच पेपर बघायचेत.” “पेपर दाखवायची पद्धत नाही.” एका सकाळी त्या परवानगी घेऊन पदार्थविज्ञानाच्या वर्गात मागे बसल्या. सर सांगत होते, मुले लिहीत होती. दर पानाला सर विचारत, “समजलं?” आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणे, “हो सर.” भिंगरी सहा वर्षांची असताना तक्ता अगदी याच सुरात म्हणायची.

पण कुणाचीही नजर एका तपासणीत ठरवायची नाही, ही त्यांची शिस्त. त्या महाविद्यालयाची मुले चष्म्यासाठी दुकानात येतच. खुर्चीत बसलेला, नाकावर तपासणीची जड चौकट चढवलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, याचा बाईंनी पुरेपूर फायदा घेतला.

“हे स्पष्ट की हे?”

“दुसरं,” दुसऱ्या वर्षातला एक दाढीवाला म्हणाला.

“आणि कॉलेजात शेवटचा कधी अडलास?”

“आँ?”

“एखादा प्रश्न आलाच नाही, असं कधी झालं?”

“परीक्षेत? छे! कुठले प्रश्न येणार ते सर आदल्या आठवड्यात सांगतात. अडायला वेळच मिळत नाही, मावशी.”

त्याच्या नंतर कुणी आले की असेच उत्तर. बाईंनी मनातल्या मनात निकाल लिहून टाकला होता. मग एके दिवशी जाड भिंगांची एक मुलगी आली. तिला हाच प्रश्न विचारला.

“तिसऱ्या मजल्यावर का-बाई आहेत,” ती म्हणाली. “गणिताचा विशेष वर्ग घेतात. मुलांनीच नाव ठेवलंय. तिथे अडले होते मी. रोज.”

“रागावतात?”

“रागावल्या तर बरं हो! नुसतं ‘का?’ विचारतात आणि गप्प बसतात. आपण बोलेपर्यंत बसतात. मी सोडला तो विषय.”

“आता बरं वाटतं?”

“हो, बरं वाटतं.” मग आरशातल्या तक्त्याकडे बघत ती म्हणाली, “पण त्या वर्गातलं मला अजून आठवतं. बाकीचं काही आठवत नाही.”

बाईंनी तिच्या नाकावरची चौकट काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी तिसऱ्या मजल्यावर गेल्या. खोली कोपऱ्यातली, बाके डगमगती, फळा मात्र काठोकाठ भरलेला. का-बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, बाहीला कोपरापर्यंत खडूची पांढरी धूळ लागलेली.

“नव्या मुलांना तुम्ही घेता का?” बाईंनी विचारले.

“मी घेते. मुलं मला घेत नाहीत,” का-बाई म्हणाल्या. “तिला इथे ठेवा आणि तुम्ही बाहेर बसा. आई शेजारी असली की मुलं आईकडे बघून उत्तर देतात.”

बाई बाहेर व्हरांड्यात खिडकीखालच्या बाकावर बसल्या. दार अर्धवट उघडे होते.

“ही रेघ म्हणजे आरसा,” आतून आवाज आला. “इथे दिवा, इथे तुझा डोळा. दिव्यापासून निघायचं, आरशाला शिवायचं आणि डोळ्याशी यायचं. सगळ्यांत जवळची वाट कुठली?”

“ज्या कोनानं जाते त्याच कोनानं परत येते ती,” भिंगरी क्षणात म्हणाली. “सोपं आहे. आमच्या दुकानात—”

“का?”

“का म्हणजे? नियमच आहे तो.”

“कुणी केला? तुझ्या आईनं?”

भिंगरी हसली. का-बाई हसल्या नाहीत. “उत्तर तुला पाठ आहे, बाळ. ते आता विसर आणि मला पटवून दे.”

मग आत शांतता पसरली. बाईंना ती शांतता ओळखीची वाटली. नवा तक्ता लावला होता, त्या दिवशी तिसऱ्या ओळीनंतर हीच पसरली होती. आता त्यांनी स्वतः खिडकीच्या धुळीत बोटाने एक रेघ ओढली, दोन ठिपके दिले आणि विचार करू लागल्या. इतकी वर्षे त्या आरशापुढे उभ्या होत्या. का, हे त्यांनाही सांगता येईना.

किती वेळ गेला कोण जाणे. आतून बाक करकरले.

“आरशाच्या मागे!” भिंगरी ओरडली. “आमच्याकडे तक्ता मागच्या भिंतीवर असतो, पण दिसतो आरशाच्या पलीकडे. तसा हा दिवा पलीकडे समजायचा, तितकाच लांब. मग पलीकडच्या दिव्यापासून डोळ्यापर्यंत सरळ रेघ. सरळ रेघेपेक्षा जवळची वाट असणारच कशी?”

“हं,” का-बाई म्हणाल्या. शाबासकी अशी नाहीच. “आता मी आरसा वाकवते. आता?”

पुन्हा शांतता. ही मोडलीच नाही. शेवटी का-बाईंचाच आवाज आला, “उद्या ये. सुचलं नाही तरी ये. न सुचलेलं घेऊन येणारी मुलंच मला हवी असतात.”

भिंगरी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. “आई, मला नाही आलं,” ती म्हणाली आणि हसली, आणि जिना उतरताना हवेत बोटाने वाकडे आरसे काढत राहिली. बाई तिच्या मागून उतरत होत्या. पोटच्या पोरीचा हेवा करू नये, हे त्यांना कळत होते. त्यांना तो वाटला. सगळ्या इमारतीत एक खोली आणि त्या खोलीत एक बाई, एवढ्यावर मुलीची तीन वर्षे लावायची की नाही, याचा निर्णय त्यांनी पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत घेतला होता. त्या हेव्यानेच तो घेतला.

प्रवेश झाला. भिंगरी रोज न सुचलेले घेऊन जाऊ लागली.

आता नोंद दुसरी. चौदा जुलै, मंगळवार. महाविद्यालयाच्या फलकावर सूचना लागली: गणिताच्या विशेष वर्गास किमान आठ विद्यार्थी आवश्यक आहेत, महिनाअखेरपर्यंत संख्या न भरल्यास वर्ग बंद करून संबंधित अध्यापिकांकडे परीक्षांची बैठकव्यवस्था सोपवण्यात येईल. वर्गात तेव्हा भिंगरी धरून पाच जण होते. म्हणजे ज्या एका व्यक्तीने त्या इमारतीत मुलांना अडवले, तिने आता बाकांवर क्रमांक चिकटवायचे.

बाई दुकान नवऱ्यावर सोपवून उपप्राचार्यांकडे गेल्या.

“मुलंच येत नाहीत, आम्ही काय करणार?” उपप्राचार्य म्हणाले. “तक्रारी येतात. मुलांना ताण येतो.”

“येऊ दे की थोडा.”

“तुम्ही म्हणाल येऊ दे. आम्हाला सगळ्यांचं बघावं लागतं.”

“बरं. तुमच्याकडे प्रवेशाला अट काय?”

“अट? काहीच नाही,” उपप्राचार्यांची छाती पुन्हा फुगली. “शालेय परीक्षा उत्तीर्ण असली की कुणीही, कुठल्याही वयात. आमचं दार सगळ्यांना उघडं आहे. तोच तर आमचा अभिमान.”

“मग सहावं नाव माझं लिहा.”

उपप्राचार्यांनी आधी दाराकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. “तुम्ही? अहो बाई, या वयात? तो विषय अवघड आहे हो! तुम्हाला झेपायचा नाही.”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “हे वाक्य तुम्ही बारा जूनला बोलला असतात, तर पहिली टाळी मी वाजवली असती.”

नाव लिहिले गेले. ज्या उघड्या दाराला त्या तीस वर्षे नावे ठेवत होत्या, त्याच दारातून त्या आत गेल्या. हे त्यांना पचवायला जड गेले आणि जातेच आहे. त्यांची तक्रार दार उघडे असण्याबद्दल मुळात नव्हतीच, हे त्यांना तेव्हा उमगले. दारातून आत आलेल्याला पुढे कुणी अडवत नाही, तक्रार त्याबद्दल आहे.

दुकानात हलकल्लोळ झाला.

“आई, माझ्या वर्गात? मी मरेन!”

“मागच्या बाकावर बसेन. तुला ओळखसुद्धा देणार नाही.”

“मागून तुला फळा दिसणार नाही.”

“चष्मेवालीला शिकव तू!”

“आणि सगळ्यांसमोर भिंगरी म्हणायचं नाही.”

“नाही म्हणणार. तूही मला घरी येऊन उत्तर सांगायचं नाही.”

बाबांनी चाक न थांबवता विचारले, “आणि दोघी नापास झालात तर?”

“तर कळेल तरी,” बाई म्हणाल्या.

आता रोज सकाळी दुकान उशिरा उघडते. बाई मागच्या बाकावर बसतात. का-बाई त्यांनाही ‘का?’ विचारतात आणि गप्प बसतात. पहिल्या दिवशी बाईंना पान उलटावेसे वाटले. घशाशी आलेले पाठ वाक्य त्यांनी गिळले आणि म्हणाल्या, “मला माहीत नाही.” का-बाई म्हणाल्या, “छान. इथून सुरुवात करू.” हे ऐकायला त्या तीस वर्षे थांबल्या होत्या. जाड ग्रंथ हल्ली कपाटावर नसतो, पिशवीत असतो. पाचवे प्रकरण त्यांनी अजून उघडलेले नाही. का-बाई म्हणतात, घाई नाही. पण फलक म्हणतो, महिनाअखेर.

वर्गात आज सहा जण आहेत. वाचकांपैकी अनेकांची मुले त्याच महाविद्यालयात आहेत, गुणपत्रिका उत्तम आहेत आणि घरात सगळे समाधानी आहेत. त्या समाधानाबद्दल इथे वाद घालायचा नाही. मागणी एकच आहे. आज आपल्या मुलाला विचारा, तू शेवटचा कधी अडलास? उत्तर आठवत नसेल, तर महिना संपायच्या आत त्याला तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत पाठवा. मूल जात नसेल, तर स्वतः जा. वयाची अट नाही. दोन विद्यार्थी कमी आहेत. ते द्या.